दीड मूठ डावीकडे

आमच्या खगोल मंडळात एक पद्धत आहे. ताऱ्याचं तेज डोळ्यांनी ठरवायचं असलं की आपला आकडा कुणी मोठ्याने बोलायचा नाही. एकेकाने दुर्बिणीपाशी जायचं, बघायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. सगळ्यांचं झालं की चिठ्ठ्या वाचायच्या. एकाने आकडा सांगितला की दुसऱ्याच्या डोळ्याला तोच दिसायला लागतो, म्हणून ही खबरदारी.

काही तारे काही महिन्यांत मंद होतात आणि पुन्हा उजळतात. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. अशा ताऱ्याच्या आसपास ज्यांचं तेज बदलत नाही असे तारे असतात, त्यांचे आकडे नकाशावर छापलेले असतात. आपला तारा कोणत्या दोघांच्या मध्ये बसतो ते बघून आकडा द्यायचा. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. वजनमापं तपासण्याच्या नोकरीत माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली आहेत. एका पारड्यात खात्रीचं वजन आणि दुसऱ्यात व्यापाऱ्याचं, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे मंडळात बाकीचे शनीची कडी बघायला येत असले तरी मी या कामासाठी यायला लागलो.

आमची बसायची जागा शहराबाहेर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर आहे. खाली सगळा उघडा कातळ. पावसाळा सोडला तर तिथे गवतही धड नसतं. जागा आमच्यातल्याच एका आंबा बागायतदाराची. त्याची कलमं उतारावर आहेत, वरच्या कातळाचा त्याला काही उपयोग नाही. "माझ्या कातळावर फक्त तारे पिकतात," असं तो पाहुण्यांना सांगतो. उत्तरेला रत्नागिरीचा उजेड असतो, पण दक्षिणेला पूर्णगडच्या अंगाला अजून चांगला काळोख आहे. मंडळ चालवतात त्या आमच्या बाई. त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनाही त्या 'अरे बाबा' म्हणतात.

मंद तारा बघायची एक युक्ती बाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवली होती. त्याच्याकडे सरळ बघू नये. सरळ बघितलं की तो विझल्यासारखा होतो. नजर जरा बाजूला ठेवावी, की तो डोळ्याच्या कडेने उजळ दिसतो. "आणि बाजूला म्हणजे कानाकडे," त्या म्हणाल्या होत्या. "उजव्या डोळ्याने बघताय तर नजर उजव्या कानाकडे. नाकाकडे नाही न्यायची." का, ते मी विचारलं नाही. नियम कळला की तो पाळायचा, असा माझा स्वभाव आहे.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मृगाच्या वरच्या अंगाला असलेला एक रूपविकारी तारा आम्ही त्या हंगामात धरला होता. तो मंद होत चालला होता. त्या संध्याकाळी बागायतदाराने मुंबईहून नवीन मागवलेलं मोठं नेत्रभिंग, म्हणजे डोळा लावायची काच, दुर्बिणीला लावलं होतं. त्याच्यातून आकाशाचा बराच जास्त तुकडा एकदम दिसत होता. माझी पाळी आली. तारा मधोमध होता, बारीक पण स्पष्ट. उजव्या कडेला शेजारचा एक ठळक तारा आला होता आणि त्याच्या चकाकीचा त्रास होत होता. म्हणून मी नजर उजवीकडे न नेता डावीकडे नेली.

तारा गेला.

मंद झाला नाही, लुकलुकला नाही. होता आणि नव्हता. मी सरळ बघितलं, तो जागेवर होता. पुन्हा डावीकडे बघितलं, पुन्हा गेला. बाजूने बघितल्यावर तारा उजळायला हवा, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की हे उलटं घडताना पाहून मी दुर्बिणीवरून डोळा काढून पुन्हा लावला. मी हळूच दुर्बीण सरकवली आणि तो ठळक तारा मधोमध आणला. डावीकडे बघितलं. तोही गेला. माझ्या उजव्या डोळ्यात एक जागा अशी होती की जिथे काहीच नव्हतं.

"साहेब, झोपलात काय?" बागायतदार मागून म्हणाला.

मी सरळ बघून जमेल तो आकडा लिहिला. चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा बाकीच्यांचे आकडे एकमेकांना धरून होते आणि माझा चांगला अर्ध्याने मंद होता.

"आज साहेबांचो तराजू झुकलो!" बागायतदार हसून म्हणाला. त्याची आई मालवणकडची, थट्टा करताना त्याच्या तोंडी तिची भाषा येते.

"अरे बाबा, एखादा दिवस असतो," बाई म्हणाल्या. "चष्मा पुसलात का?"

"पुसला," मी म्हणालो.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते शिंपी होते, बाजारात त्यांचं दुकान होतं. त्यांना काचबिंदू झाला होता. तो आजार डोळ्याच्या कडेकडून नजर खात येतो आणि मधली नजर शेवटी नेतो, म्हणून फार उशिरा कळतो. वडील बारीक सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवत, पण बाजूने दुकानात आलेलं गिऱ्हाईक त्यांना दिसत नसे. लोक म्हणत, शिंप्याला मस्ती आली. आम्हीही कधी कधी तसंच समजत होतो. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा फार थोडं उरलं होतं. पुढे सगळंच गेलं आणि त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. चहाचा कप हातात दिला की आधी ते त्याच्या कानाला बोट लावून बघत, मग कपाच्या कडेला. ते बोट मला अजून दिसतं.

हा आजार घराण्यात उतरतो. म्हणून मी दर वर्षी डोळ्यांचा दाब तपासून घेत आलो. दर वर्षी तो मर्यादेच्या आत, पण मर्यादेला जवळ असायचा. मर्यादेच्या आत म्हणजे पास, असं मी धरून चाललो होतो. तराजूंच्या बाबतीत आम्ही तेच करतो.

त्या दिवशी परत येताना बागायतदार माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. सड्यावरून डांबरी रस्त्याला येईपर्यंत मी इतका हळू चालवत होतो की तो म्हणाला, "अहो, चालत गेलो तरी लवकर पोचू." उजवीकडून काही येत असेल आणि ते नेमकं त्या जागेत सापडलं तर? मी सारखी मान वळवत होतो. समोरून ट्रक आला तेव्हा मी स्कूटर पार खाली उतरवून थांबवली. तो म्हणाला, "बरं नाय वाटत काय?" मी म्हटलं, "पाठ दुखतेय." 

घरी मी काही बोललो नाही. सासऱ्यांना कप कसा द्यावा लागायचा ते बायकोने पाहिलेलं होतं. तिला हे कसं सांगायचं ते मला सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून मी मापं घ्यायला लागलो. न मोजलेल्या गोष्टीची भीती मोजलेल्या गोष्टीपेक्षा मोठी असते असं मला तोवर वाटत होतं. आकाशातली अंतरं आम्ही हाताने मोजतो. हात सरळ पुढे ताणला की मूठ म्हणजे साधारण दहा अंश, मधली तीन बोटं म्हणजे पाच. बेडरूमच्या पांढऱ्या भिंतीवर मी पेन्सिलीने एक फुली मारली आणि शेजारी एक टिकली चिकटवली. डावा डोळा झाकून फुलीकडे बघायचं आणि टिकली उजवीकडे सरकवत न्यायची. दीड मुठीवर टिकली जायची. तीन बोटं पुढे नेली की परत यायची. वर आणि खाली थोडी जास्त जागा जात होती. मी पाच वेळा माप घेतलं, पाचही वेळा तेच आलं. 

मग मी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने बघितलं.

डावीकडे दीड मूठ, रुंदी तीन बोटं. तंतोतंत तेवढीच जागा गेलेली.

त्या क्षणी मी पलंगावर बसलो. एका डोळ्याचं काहीतरी झालं असेल, मार लागला असेल, वय झालं असेल अशी एक पळवाट मनात होती. ती बंद झाली. दोन्ही डोळ्यांत सारखं म्हणजे हे वडिलांचंच. मापं जितकी नेमकी येत होती तितकी माझी भीती पक्की होत होती.

त्या आठवड्यात माझ्या हातून दोन ग्लास पडले. खरं म्हणजे ते दिसत नव्हते म्हणून नाही, आता हात लागेल आता लागेल या धास्तीनेच हात लागत होता. ऑफिसात एका वजनावर शिक्का मारायच्या आधी मी ते तीन वेळा तपासलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, माझ्यावर संशय आहे का?" स्कूटर मी घरी ठेवली आणि पेट्रोलचे भाव वाढलेत असं कारण दिलं. चालत जाताना पाटी दिसली की वाचत होतो. दुरून वाचता आली की थोडा वेळ बरं वाटायचं. मग आठवायचं की वडीलही शेवटपर्यंत पाट्या वाचत होते.

अमावस्येनंतर चंद्र जरा मोठा झाला तशी मला ती कल्पना सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं. संध्याकाळी गच्चीवर गेलो. कपडे काढून घेतलेले होते, दोऱ्या मोकळ्या होत्या. चंद्र नारळीच्या शेंड्यावर आला होता. डावा डोळा झाकला, हात ताणून दीड मूठ मोजली आणि नजर तेवढी डावीकडे नेली.

अख्खा चंद्र गेला. आकाश तसंच, नारळी तशीच, आणि चंद्राच्या जागी निळसर काळं आकाश. भोकसुद्धा नाही. माझा मेंदू ती जागा शेजारच्या रंगाने भरून टाकत होता, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली. वडिलांना कळलं कसं नाही, याचं उत्तर समोर होतं. गेलेली जागा काळी दिसत नाही. ती दिसतच नाही.

"अहो, हात वर करून काय करताय?"

बायको जिन्यात उभी होती. मी हात खाली घेतला नाही. एक डोळा झाकलेला, एक मूठ आभाळाकडे, असा मी उभा होतो.

"चंद्र दिसत नाही," मी म्हणालो.

"तो काय समोर! एवढा ढळढळीत आहे."

"दीड मूठ डावीकडे बघितलं की दिसत नाही."

"मग डावीकडे बघता कशाला?" ती म्हणाली, आणि मग माझा आवाज तिच्या लक्षात आला असावा. जवळ आली. मी सगळं सांगितलं. सडा, टिकली, दोन्ही डोळे.

"म्हणजे स्कूटर पेट्रोलच्या भावामुळे बंद नव्हती, आणि माझे ग्लासही उगाच फुटत नव्हते," ती म्हणाली. मग म्हणाली, "इतके दिवस एकट्याने मोजत बसलात! उद्या जायचं. ऑफिसात फोन मी करते."

"परवा एक तपासणी आहे माझी, ती झाली की—"

"उद्या."

डोळ्यांच्या दवाखान्यात मी मापांचा कागद घेऊन गेलो. डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला मोकळे. त्यांनी कागद बघितला. अंश, रुंदी, उंची, दोन्ही डोळ्यांची आकृती. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काका, हे तुम्ही हाताने मोजलंत?"

"हो."

"फारच बरोबर मोजलंय." ते हसायला लागले. "हा तुमचा अंधबिंदू आहे. डोळ्यातली नस जिथून मागे मेंदूकडे जाते तिथे पडदाच नसतो. त्यामुळे त्या जागी कुणालाच काही दिसत नाही. मला नाही, काकूंना नाही. काकू, डावा डोळा झाका बघू."

त्यांनी भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बायकोला बघायला लावलं आणि हातातलं पेन सरकवत नेलं. "गेलं!" बायको ओरडली. "अगंबाई, खरंच गेलं!" आणि ती त्या खुर्चीत बसून इतकी हसली की बाहेरून दवाखान्यातल्या मुलीने डोकावून पाहिलं. "आठ दिवस!" ती मला म्हणाली. "आठ दिवस तुम्ही देवाने दिलेलं भोक मोजत होतात! मला एकदा विचारलं असतंत तर माझाही चंद्र गेला असता की."

मला हसू आलं नाही. शेजारी खात्रीचं वजन ठेवल्याशिवाय मी आयुष्यात एकही तराजू तपासलेला नाही, आणि स्वतःचा डोळा तपासताना दुसऱ्या कुणाचा डोळा शेजारी घ्यायचं मला सुचलं नव्हतं. तरी पाय हलके झाले होते. मी कागदाची घडी घातली आणि उठलो.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "वडिलांना काचबिंदू होता म्हणालात ना? आलाच आहात तर नजरेची तपासणीही करून घेऊ. दाबावरून सगळंच कळतं असं नाही."

ती तपासणी मी त्याआधी कधी केली नव्हती. अंधाऱ्या खोलीत एक यंत्र असतं, आतून पांढऱ्या कढईसारखं. हनुवटी टेकायची, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने कढईच्या मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक उजेडाचे ठिपके क्षणभर लागतात. काही ठळक, काही इतके मंद की असतील नसतील. दिसला की हातातलं बटण दाबायचं. ठिपक्याकडे नजर वळवायची नाही.

"सरळ बघा काका," मशीनवरची मुलगी म्हणाली. "शंका आली तरी दाबा."

पहिले काही ठिपके पटापट दिसले. मला जवळजवळ मजा वाटली. हे तर आमचंच काम. मग मध्ये काही वेळ काहीच आलं नाही. यंत्राचा हलका आवाज चालू होता. कट्, कट्. आवाज येतोय म्हणजे ठिपका लागतोय का? लागतोय आणि मला दिसत नाही? की यंत्र नुसतं एका जागेवरून दुसरीकडे सरकतंय? सड्यावर तारा दिसला नाही तर नकाशा उघडून बघता येतं की तो तिथे असायला हवा होता. इथे नकाशा माझ्याकडे नव्हता. त्या पांढऱ्या पोकळीत मी एकटा होतो आणि काय दिसत नाही हे मला कळायचा काही मार्गच नव्हता. घाम माझ्या मानेवरून खाली उतरला. बटण ओलं झालं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद बराच वेळ पाहिला. या वेळी ते हसले नाहीत.

उजवा डोळा चांगला होता. डाव्या डोळ्यात, वरच्या अंगाला, नाकाच्या बाजूला एक छोटा तुकडा मंद झाला होता. मी मोजलेल्या जागेपासून तो लांब होता. तिथे मी टिकली नेलीच नव्हती. दोन्ही डोळे उघडे असताना ती जागा दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे मला ती कधी जाणवली नसती. दाबही या वेळी मर्यादेच्या जरा वर होता.

"सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत येत नाही. पण रोज थेंब घातले तर बहुतेकांचं आहे तिथे थांबतं. लवकर आलात हे फार चांगलं झालं."

"मी चुकीच्या कारणाने आलो," मी म्हणालो.

"आलात ना," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात बायको हसली नाही. तिने माझा हात धरला होता, आणि आम्ही दोघंही हात धरणाऱ्यांतले नाही.

त्या महिन्यात मी सड्यावर गेलो नाही. शेवटी बाईच घरी आल्या. त्यांना बायकोने फोनवर सांगितलं होतं. सोफ्यावर बसल्या बसल्या त्या मला ओरडल्या.

"अरे बाबा, मी काय शिकवलं होतं? कानाकडे! नाकाकडे नजर नेली की तारा अंधबिंदूत पडतो, म्हणून तर सांगत होते."

"का ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं! बाकी सगळे विचारतात. तुम्ही मान डोलावलीत आणि वहीत लिहून घेतलंत." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "थेंब वेळेवर घालता ना?"

"घालतो. पण बाई, माझे आकडे आता मंडळाच्या नोंदीत नका धरू. गेल्या दोन वर्षांचेसुद्धा बाजूला काढून ठेवा."

"का म्हणून? तुम्ही बघता उजव्या डोळ्याने. तो चांगला आहे."

"डॉक्टरांनी तसं लिहून दिलं की धरा."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. "हा माणूस घरात कसा सहन करता?" बायको म्हणाली, "तुम्हाला आठवड्यातून एकदाच असतो."

मार्चमध्ये मी पुन्हा गेलो. बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं करून आपापल्या अंधबिंदूत चंद्र घालवून दाखवायला लावला. "जल्लं ते!" बागायतदार ओरडला. "माझा पण चंद्र गेला ओ!" बाकीचे टाळ्या पिटत होते. मीही त्यांच्याबरोबर हसलो. पण सगळ्यांचा चंद्र पुन्हा दिसू लागल्यावर मी एकटा डाव्या डोळ्याने वर, नाकाच्या बाजूला बघायचा प्रयत्न करत उभा होतो. तिथे तारे होते की नव्हते ते सांगता येत नव्हतं. शेजारचं काळं आकाश तिथेही भरलेलं होतं. त्या एका हंगामात मला जितकं आकाश दिसलं त्यापेक्षा न दिसणाऱ्या त्या तुकड्याचा विचार मी जास्त केला.

थेंब मी रात्री जेवणानंतर घालतो. घालताना बायको समोर उभी राहते. डोळ्यात पडला की नाही ते मला कळतं, तरी ती "पडला" म्हणाल्याशिवाय मी डोळा मिटत नाही.

पावसाळ्यात सडा बंदच असतो. भर पावसात, ऑगस्टमध्ये, दुसऱ्या तपासणीची तारीख आली. वाढलं आहे की थांबलं आहे ते या तपासणीवरून कळणार होतं. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सकाळी दाढी करताना आरशात मी डाव्या डोळ्याकडे बघत राहिलो. बाहेरून त्यात काहीही दिसत नव्हतं.

उजवा डोळा झाला. डावा सुरू झाला. पुन्हा ती पांढरी कढई, पुन्हा कट्, कट्. मी ठिपक्याकडे डोळा रोखून होतो. एकदा वरच्या अंगाला, नाकाच्या बाजूला काहीतरी हललं. उजेड होता, किंवा उजेड असावा असं मला वाटलं, किंवा तो असावा अशी मला इतकी इच्छा होती की ती इच्छाच तिथे चमकून गेली. अंगठा बटणावर होता. मी दाबलं नाही.

डॉक्टरांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. बायको खुर्चीच्या टोकाला बसली होती.

"बाकी सगळं तसंच आहे," ते म्हणाले. "हा एक बिंदू मात्र गेल्या वेळी दिसला होता, या वेळी नाही."

"तो मी दाबला नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? दिसला होता?"

"खात्री नव्हती."

"अहो!" बायको एवढ्या मोठ्याने म्हणाली की मी दचकलो. "ती मुलगी सांगत होती ना, शंका आली तरी दाबा म्हणून! इथे माझा जीव चाललाय आणि तुम्ही खात्री करत बसलाय!"

"दिसलं नसताना दाबलं असतं आणि खरंच वाढत असतं तर? थेंब कमी पडतायत हे यांना कळलंच नसतं."

"दोघांचंही बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "काका, बाहेर अर्धा तास बसा, चहा घ्या, डोळे मिटून ठेवा. हा डोळा परत करू. आणि या वेळी शंका आली तर दाबा. खोटं दाबलेलं आमचं मशीन बरोबर पकडतं. ते काम त्याच्यावर सोडा."

त्या अर्ध्या तासाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. बायकोने चहा आणला, तो गार झाला. बाहेर पत्र्यावर पाऊस इतका होता की नावं पुकारणाऱ्या मुलीला ओरडावं लागत होतं. पुन्हा आत गेलो, हनुवटी टेकली. ठिपके आले, गेले. मग बराच वेळ काही नाही. आणि मग वर, नाकाच्या बाजूला, अगदी मंद, एक उजेड. या वेळीही खात्री नव्हती. मी दाबलं. थोड्या वेळाने तिथेच आणखी मंद आला, पुन्हा दाबलं. नंतर एकदा मला तिथे काही दिसलं नाही, तेव्हा दाबलं नाही.

"तेवढंच आहे," डॉक्टर कागद बघून म्हणाले. "वाढलेलं नाही."

"म्हणजे थांबलं?" बायकोने विचारलं.

"दोन तपासण्यांवरून थांबलं असं म्हणत नाहीत, काकू. पण आज वाढलेलं नाही. थेंब चालू ठेवा. सहा महिन्यांनी परत या."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बायकोने छत्री उघडली. रस्त्यावर पाणी वाहत होतं आणि एकही रिक्षा थांबत नव्हती.

"पडला का जीव भांड्यात?" तिने विचारलं.

"अर्धा," मी म्हणालो.

"अर्धा तर अर्धा," ती म्हणाली. "छत्री तुम्ही धरा, तुम्ही उंच आहात."